जो जो दोन्हीकडं हाय

एका बाईला मी तिच्याच घरात गप्प बसवलं. आरडाओरडा करून नव्हे. चपला बाहेर काढून, उंबऱ्यात उभा राहून, ‘तुम्ही’ म्हणत, अगदी नीट शब्दांत. त्यामुळेच बहुधा मला ती कितीतरी दिवस चूक वाटलीच नाही, सूचना वाटत राहिली. आणि चूक आहे हे कळल्यावरही ती कबूल करायला मला दहा हंगाम लागले. आम्ही गुळाच्या पेठेतली माणसं, वर्षांपेक्षा हंगाम आमच्या जास्त लक्षात राहतात.

यंदाचा हंगाम जोरात आहे. सकाळी पेठेत शिरलं की ताज्या गुळाचा वास आधी नाकात जातो आणि मग कपड्यांत बसतो, तो होळीपर्यंत निघत नाही. रस्त्याला गुळाच्या गाड्यांची रांग, दुकानांच्या ओट्यांवर बारदानाच्या रिकाम्या पोत्यांचे ढीग, हमालांच्या पाठी घामानं आणि गुळानं चिकट झालेल्या. माझं काम रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, बघण्याचं. सौद्याआधी रवा फोडायचा, रंग आणि कणी पाहायची, कपचा जिभेवर ठेवायचा आणि प्रत सांगायची. तीस वर्षं माझ्या जिभेवर लोकांनी विश्वास ठेवला आहे. पहाटे गुऱ्हाळावरून निघालेला रवा पेठेत येतो तेव्हा पोटात अजून कोमट असतो. परवा अशाच एका रव्यावर तळवा ठेवला आणि झोपलेल्या लहान मुलाच्या पाठीवर हात ठेवल्यासारखं झालं. मग दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

जुई शहाण्णवच्या श्रावणात झाली. सुलभा, माझी बायको, एका दवाखान्यात नर्स होती. तिची रजा संपली ती दिवाळीला, म्हणजे नेमका हंगाम सुरू होताना. शाहूपुरीच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. सकाळी आठला दोघंही घराबाहेर. आणि मधे साडेतीन महिन्यांची पोर.

मी कोडोलीला आईकडे गेलो. अंगणात गुऱ्हाळावरच्या माणसांसाठी भाकऱ्यांची चवड लागली होती. आईनं पिठाचे हातही पुसले नाहीत.

“आरं, हितं गुऱ्हाळ लागलंय. चौदा माणसांच्या भाकऱ्या थापू, का तुझी पोरगी खेळवू? पाडव्यानंतर सांग, येतो.”

पाडवा पाच महिने लांब होता. मग पाळणाघरं शोधली. एक होतं दुसऱ्या मजल्यावर, भिंतीवर ससे रंगवलेले, आणि फी अशी की सुलभा जिना उतरताना म्हणाली, “म्हणजे मी नोकरी ह्या बाईंसाठी करायची.” दुसऱ्या एका घरात दहा पोरं दुपारभर टीव्हीसमोर बसवलेली पाहिली. ती एकदाही मागं वळून बघत नव्हती. आम्ही दारातूनच परत फिरलो. त्या आठवड्यात गल्लीत भेटेल त्याला विचारायची मला सवयच लागली. माणसं घर भाड्यानं आहे का विचारतात तसा मी मांडी रिकामी आहे का विचारत फिरत होतो.

शेवटी खालच्या आक्काताईंनी जिन्यात अडवलं. “काय गावभर हिंडतायसा? गंगव्वाकडं ठेवा की. निम्म्या गल्लीची पोरं तिच्या मांडीवर मोठी झाल्यात.”

गंगव्वा गल्लीच्या टोकाला राहायची. पुढं तिच्या मुलाचं, बसूचं, बारदान आणि सुतळीचं दुकान. मागं एक लांबट खोली, छपरात काचेचं एकच कौल, आणि त्याच्या उजेडाचा चौकोन दिवसभर जमिनीवरून सरकत जाई. ती साठीच्या पुढची, उंच, हाडापेरानं मोठी. अंगावर इरकली लुगडं, कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. माहेर-सासर दोन्ही सीमेपलीकडचं. नवरा बारदानाच्या धंद्यासाठी कोल्हापुरात आला, त्याच्यामागं ती आली, आणि तो गेल्यावरही राहिली.

आम्ही नोकऱ्या सांगितल्या, वेळा सांगितल्या. तिनं त्यातलं काही ऐकलं नाही. जुईला हातात घेऊन, वजन केल्यासारखी दोनदा खालीवर करून तिनं विचारलं, “हे भूक लागल्यावर कसा रडतो? झोप आल्यावर कसा?”

आम्हांला नुसतं रडणं माहीत होतं.

“आठ दिवसांनी या. मी सांगतो,” ती म्हणाली. आणि खरंच आठ दिवसांनी तिनं सुलभाला बसवून आमच्या मुलीची चार रडणी समजावून सांगितली.

पैशाचं विचारलं तर म्हणाली, “परवडंल ते द्या री. पैशाला उशीर चालंल. आईला उशीर चालत न्हाई. पाचला म्हंजे पाचला यायचं. पोरगी दाराकडं बघाय लागला की माझ्यानं बघवत न्हाई.” तिच्या मराठीत मुलगा-मुलगी एकच असायचं. “पोरगी झोपला”, “पोरगी जेवला”. सुरुवातीला आम्हांला हसू यायचं. भाजीवालीचा मुलगा तिच्याकडे संध्याकाळी उरलेल्या मेथीच्या पेंडीवर असायचा, एका मास्तरीणबाईंची मुलगी पगारावर, आणि सगळी एकाच परातीत जेवायची. कोण कशावर आहे हे परातीवरून कधी कळलं नाही.

तिची काम करायची तऱ्हा मी कितीदा तरी उंबऱ्यात थांबून बघितली आहे. आडव्या वाशाला जुन्या लुगड्यांच्या चार झोळ्या. चारही झोळ्यांच्या सुतळ्या एकत्र करून तिनं पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या. हात भाजी निवडत असायचे आणि अंगठा हलला की चारही पोरं एका लयीत झुलायची. एखादं जागं झालं तर त्या झोळीची सुतळी तणावायची, ती न बघता सांगायची कोण उठलं. बसूच्या दुकानात फाटलेली पोती शिवायचं काम तीच करायची, पण पोरं घरात असेपर्यंत दाभण नजरेला पडायचं नाही. दाभणासाठी तिनं भिंतीत उंचावर एक भोक केलं होतं. सगळी पोरं गेल्यावर ते बाहेर निघायचं. दिवसभर पाच पोरं सांभाळून ही बाई वर पोती शिवते हे मला माहीत होतं, आणि तरी महिन्याच्या महिन्याला तिच्या हातात पैसे ठेवताना मला आपण तिच्यावर उपकार करतो असं वाटायचं. आता लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं.

जुई बोलायला लागली ती तिच्याच घरात. पहिला शब्द ‘अव्वा’. आम्हांला वाटलं गंगव्वातला शेवटचा तुकडा उचलला असेल. मग एकामागून एक आले. पाण्याला नीरु. मांजराला बेक्कु. नको असलं की ब्याड, आणि ते ओठ बाहेर काढून असं ठासून म्हणायची की हातातला घास आपोआप मागं यायचा. दूध म्हणजे हाल. एका रविवारी सकाळी दूध तापायला उशीर झाला तर पोरगी जिन्यात बसून “हाल! हाल!” करून रडायला लागली. खालून आक्काताईंचा आवाज आला, “आवो, काय हाल चालवल्यात पोरीचं? खायाला घाला की तिला कायतरी!”

सुलभा पोट धरून हसली. मीही हसलो. हे मुद्दाम लिहितो, कारण मी तेव्हा हसू शकत होतो.

गंगव्वा तिला ‘कूसु’ म्हणायची. “बा कूसु, बा.” मी एकदा बसूला विचारलं, कूसु म्हणजे काय? तो म्हणाला, “तान्हं पोर.” मला गंमत वाटली. आमच्याकडे कूस म्हणजे जिथून मूल येतं ती जागा, आणि सीमेपलीकडे गेलं की तेच मूल होऊन बसतं. शब्दाला कुणी नाक्यावर अडवलं नव्हतं.

मला मात्र अडवायची सवय होती. कॉलेजच्या दिवसांत सीमाप्रश्नाच्या मोर्च्यांत घसा बसेपर्यंत घोषणा दिलेला मी. त्या घोषणांत काही वावगं होतं असं मला आजही वाटत नाही. पण रस्त्यावरची घोषणा घरात आणून एका म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर आपटायची नसते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि माझं मला सुचलं नाही.

नव्व्याण्णव सालचा जानेवारी. हंगाम भरात होता, थंडी कडाक्याची होती, आणि जुई अडीच वर्षांची. एका चांगल्या शाळेत बालवर्गाच्या प्रवेशासाठी आम्ही तिला घेऊन गेलो. समोर बाई बसलेल्या, त्यांच्या हातात चित्रं. मांजराचं चित्र दाखवलं.

“बेक्कु,” जुई म्हणाली.

पाण्याचा पेला दाखवला. “नीरु.”

बाई हसल्या. चांगल्या हसल्या, कुजकट नव्हे. “घरी कानडी बोलता का?”

“नाही नाही,” मी इतक्या घाईनं म्हणालो की सुलभानं माझ्याकडे बघितलं.

“बाळ, तुला जेवायला कोण घालतं?”

“अव्वा.”

बाई माझ्याकडे वळल्या. “गोड आहे हो. माझं माहेर बेळगावकडचं. आमच्या शेजारी पोरं अशीच हाक मारायची. अव्वा म्हणजे आई.”

त्या पुढंही काही बोलल्या. मला ऐकू आलं नाही. बोलायला लागल्यापासून माझी मुलगी एका परक्या बाईला आई म्हणत होती, आणि सगळ्या गल्लीला हे माहीत होतं, आणि मला नव्हतं. शेजारी सुलभा जुईच्या बुटाचा बंद बांधत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी तिच्या वतीनं दुखावून घेतलं.

त्याच संध्याकाळी पाचला मी गेलो. दोन-तीन आया पोरं न्यायला आलेल्या. त्यांच्यासमोरच मी बोललो. “गंगव्वा, उद्यापासून जुईशी कानडी बोलू नका. तिच्या शाळेचा प्रश्न आहे. आणि तिला अव्वा म्हणू देऊ नका. मावशी म्हणायला शिकवा.”

तिच्या मांडीवर जुई होती, गळ्यातली चांदीची डबी मुठीत धरून पेंगत होती. गंगव्वानं एकेक बोट सोडवून ती मूठ उघडली. डबी लुगड्यात सरकवली.

“बरं री,” ती म्हणाली.

मी वळलो, तेव्हा तिनं मागून विचारलं, “जो जो म्हटलं तर चालंल काय? ते दोन्हीकडं हाय.”

माझी मुलगी झोपवण्यासाठी ती बाई माझी परवानगी मागत होती. आणि मी, अडत दुकानातला एक नोकरदार माणूस, उदारपणे म्हणालो, “हां, ते चालेल.”

पुढचे काही आठवडे मला फार समाधानाचे गेले. जुईनं बेक्कु म्हणणं सोडलं. नीरु सोडलं. ‘ब्याड’ गेलं, त्याच्या जागी ती नुसती मान हलवायला लागली. मला वाटलं सुधारणा होते आहे. ती मांजर म्हणत नव्हती आणि पाणीही म्हणत नव्हती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी सकाळी जाई, अंधार पडल्यावर येई, दिवसभर रवे फोडून जिभेचं साल निघालेलं असे. घर शांत वाटे, आणि मला ती शांतता आवडे.

ध्यानात आलं सुलभाच्या. एक दिवस तिची दवाखान्यातली पाळी लवकर सुटली आणि ती दुपारीच गंगव्वाकडे गेली. दारात थांबली. आत चार पोरं परातीभोवती, गंगव्वा कानडीत कसली तरी गोष्ट सांगत भरवते आहे, पोरं खिदळतायत. जुई एका बाजूला, उजेडाच्या चौकोनात बसलेली. तिची पाळी आली की गंगव्वाची गोष्ट थांबायची. ती घास उचलायची, जुईच्या तोंडाशी न्यायची आणि हळूच म्हणायची, “जो जो.” जुई तोंड उघडायची. पुढचा घास, पुन्हा “जो जो.” तोंड पुसताना जो जो. पाणी पाजताना जो जो. माझ्या मुलीसाठी तिच्याजवळ एवढा एकच शब्द उरला होता, आणि तो झोपेचा.

सुलभानं विचारलं, “गंगव्वा, मराठीत बोला की तिच्याशी. तुम्हांला येतं ना मराठी.”

गंगव्वा म्हणाली, “येतं की. बाजार येतं, भांडण येतं. पोती विकाय येतं. पर मराठीत लाड करायला येत न्हाई री मला. तोंडातनं निघतच न्हाई. काय करू?”

सुलभानं मला हे रात्रीचं जेवण वाढता वाढता सांगितलं, आवाज न चढवता. मी म्हणालो, “मी तुझ्यासाठीच बोललो होतो. आई तू आहेस तिची.”

“मला कुठं वाईट वाटलं होतं?” ती म्हणाली. “मी दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांची पोरं उचलते. एखादं मलाही आई म्हणतं. त्यात कुणाच्या आईचं काय कमी होतं? वाईट तुम्हांला वाटलं. उद्या जाऊन सांगा त्यांना, चुकलं म्हणावं.”

मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. हंगाम होता. त्याच्या पुढच्या दिवशीही हंगाम होता. सुलभानं मात्र स्वतः जाऊन सांगितलं, “बोला हो तुम्ही, तुमच्या मनासारखं बोला.” गंगव्वा म्हणाली, “बापानं सांगितलंय. बापाला येऊ दे.” त्यात राग नव्हता, सुलभा म्हणाली. तिच्या हिशेबानं शब्द ज्यानं घेतला त्यानंच सोडायचा असतो.

बाप गेला नाही. बाप पाडव्याला गेला, पिवळाधमक, एक नंबर प्रतीचा रवा हमालाच्या डोक्यावर देऊन. आम्ही घर बदलत होतो, पेठेपासून लांब, आणि आईनं आता यायचं कबूल केलं होतं. माझा असा समज की गूळ बोलेल. गंगव्वानं रवा उतरवून घेतला, वाकून त्याचा वास घेतला, “चांगला हाय,” म्हणाली. फोडून सगळ्या पोरांच्या हातावर एकेक खडा ठेवला. जुईच्या हातावरही ठेवला. गप्प.

नव्या घरी आजीच्या कोडोलीच्या बोलीत जुईला पुन्हा वाचा फुटली. “व्हय की गं आजे” असं झणझणीत बोलायला लागली, आणि शाळेनं त्यालाही काही हरकत घेतली नाही. त्या दोन महिन्यांतलं तिला काही आठवत नाही. आठवणीचं सगळं ओझं माझ्या वाट्याला आलं, आणि ते न्याय्यच आहे.

गल्लीतून जाणं मी टाळायचो. गंगव्वाचं मात्र कानावर येत राहायचं. भाजीवालीचा थोरला, तोही तिच्याच झोळीतला, आता दुकानात नोकरीला लागला, पहिल्या पगाराचं लुगडं तिला घेऊन गेला. मास्तरीणबाईंच्या थोरल्या, तिच्याच हाताखाली वाढलेल्या मुलीनं लग्नाची पहिली पत्रिका देवापुढं ठेवली आणि दुसरी तिच्यापुढं. गल्लीतल्या कितीतरी बाया नोकरी करू शकल्या, आपल्या पायावर उभ्या राहिल्या, त्या एका अंगठ्याला बांधलेल्या सुतळ्यांवर. तिनं पाटी लावली नाही, कुणाला नाही म्हटलं नाही. मी अनेक मोठी माणसं पेठेत पाहिली. एवढं मोठं माणूस पाहिलं नाही.

परवा, तो कोमट रवा हाताखाली होता त्याच दिवशी, बसू आमच्या दुकानात आला. प्लॅस्टिकच्या पोत्यांनी बारदानाचा धंदा बसवला होता. तो दुकान मोडून गावाकडे निघाला होता, हंगाम संपायची वाट न बघता. येत्या सोमवारी.

“आणि अव्वा?” मी विचारलं. माझ्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच निघाला.

“तिलाबी नेतोय. दिवाळीत डोक्यावर पडली, दवाखान्यात हुती. उठली ती नुसती कानडीच बोलत. मराठी गेली बघा तिची. चाळीस वर्सांची मराठी, पार पुसून गेली. कानडीत काय म्हणाल ते कळतंय.”

बसू गेल्यावर मी उठलो. मग आमच्या मलाप्पा हमालाला बाजूला घेतलं. तो सीमेपलीकडचा.

“मलाप्पा, चुकलं म्हणायचं झालं तर कानडीत कसं म्हणतात?”

त्यानं दात काढले. “कुणाला म्हणायचंय मालक? वैनी कानडी शिकल्या व्हय?”

“सांग रे.”

“तप्पात. तप्प म्हंजे चूक, आत म्हंजे झाली. मोठ्या माणसाला म्हणायचं असलं तर म्होरं री लावायचं. तप्पात्री. म्हणा बघू.”

मी म्हणालो. तो म्हणाला, “लई जोरात म्हणतायसा. सौदा न्हाई हा.” दिवसभर रवे बघताना मी ते हळू म्हणायचा सराव केला. सौद्याला उभ्या माणसांना वाटलं मी जिभेवरची चव चाचपतो आहे.

संध्याकाळी घरी सांगितलं. सुलभा म्हणाली, “ह्या खेपेला गूळ नेऊ नका. नुसतं तोंड घेऊन जा.” आणि जुईला म्हणाली, “तूही जा गं ह्यांच्याबरोबर.”

खोली तीच. वाशाला झोळ्या नव्हत्या, पण सुतळीनं घासून पडलेल्या खाचा होत्या. काचेच्या कौलातला उजेड खाटेपर्यंत आला होता. गंगव्वा खाटेवर बसलेली, वाळून अर्धी झालेली. तिनं डोळे बारीक केले. “यार?” कोण, असं ती विचारत होती.

बसू तिच्या कानाशी वाकला. “अव्वा, कूसिन अप्पा बंदान.” बाळाचा बाप आलाय.

“कूसु?” ती म्हणाली, आणि खाटेवरून हात बाहेर काढून जमिनीपासून दोन फुटांवर, हवेत धरला. एवढीशी होती ती. तो हात तिथंच राहिला.

जुई साडेबारा वर्षांची, माझ्या खांद्याला लागलेली. कुणी काही सांगितलं नाही. ती पुढं झाली, जमिनीवर बसली, मान वाकवली आणि डोकं बरोबर त्या हाताखाली नेलं.

हात डोक्यावरून फिरला, कानामागं गेला, वेणीवर आला. आणि गंगव्वाच्या तोंडून, फाटक्या आवाजात, सुरू झालं, जो जो, जो जो. मग तिची नजर वर उचलली गेली. उंबऱ्यात मी उभा होतो, तिथंच, जिथं दहा वर्षांपूर्वी उभा होतो. ती थांबली. दम लागला म्हणून थांबली की मला बघून, ते मला माहीत नाही.

मी उंबरा ओलांडून आत गेलो. जुईशेजारी जमिनीवर बसलो.

“अव्वा,” मी म्हणालो, “तप्पात्री.”